स्ट्राँग्स कॉन्कॉर्डन्स: 'फ्थोरा' या एका शब्दावर घासून बघितलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पुस्तक, म्हणजे बायबलातला कुठला शब्द कुठे कुठे येतो त्याची ही सूची, जबरदस्त आहे, फक्त बहुतेक लोक ते ज्या कामासाठी वापरतात त्या कामासाठी ते बनवलेलंच नाही, आणि हे कळायला मला एकच शब्द पुरला.

कुठलाही शब्दकोश घ्यायचा असेल तर चाळून काही कळत नाही. एक शब्द पकडायचा आणि त्याच्या मागे शेवटपर्यंत जायचं. आमच्या बायबल स्टडीत ईस्टरच्या आसपास १ करिंथ १५ चालू होतं, तिथे तो शब्द येतो, ग्रीकमध्ये फ्थोरा. कुजणं, नासणं, झिजणं, नष्ट होणं, असं सगळं एकत्र असलेला शब्द. आपल्या मराठी बायबलात तो एका जागी 'विनाशीपण' आहे, रोमकरांस पत्रात 'नश्वरतेच्या दास्यातून' मधली नश्वरता आहे, गलतीकरांस पत्रात 'नाशाचे पीक' मधला नाश आहे. म्हणजे मराठी वाचून कुणालाच कळणार नाही की मागे शब्द एकच आहे, आणि नेमकं हेच कळावं म्हणून तर कॉन्कॉर्डन्स असते, त्यामुळे टेस्ट म्हणून एकदम फिट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेम्स स्ट्राँग हे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मॅडिसनच्या ड्रू सेमिनरीत प्रोफेसर होते, त्यांनी १८९० मध्ये ही कॉन्कॉर्डन्स काढली. इंग्रजी किंग जेम्स बायबलातला प्रत्येक शब्द अकारविल्हे लावायचा, तो जिथे जिथे आलाय ती ओळ द्यायची आणि शेजारी एक नंबर, तो नंबर मागच्या हिब्रू किंवा ग्रीक शब्दकोशात बघायचा. हिब्रूचे नंबर ८६७४ पर्यंत, ग्रीकचे ५६२४ पर्यंत, आणि छापील पुस्तकात ग्रीकचे नंबर तिरके छापतात म्हणजे गोंधळ होत नाही. कॉम्प्युटर नाही, हाताने लिहून केलेलं काम आहे हे, नुसता विचार केला तरी बोटं दुखतात. एक गंमत म्हणजे ग्रीकमध्ये २७१७ हा नंबर नाहीच, आणि ३२०३ ते ३३०२ असे सलग शंभर नंबर गायब आहेत, त्यामुळे खरे शब्द ५५२३. कुणी स्टडीत 'ग्रीक नव्या करारात ५६२४ शब्द आहेत' असं छाती फुगवून सांगितलं तर गालातल्या गालात हसून घ्या.

आता मुद्द्यावर. इंग्रजीत 'करप्शन' हा शब्द काढला. आपल्याकडे करप्शन म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर काय येतं, टेबलाखालचं पाकीट. किंग जेम्स १६११ चं, तेव्हा त्या शब्दात कुजणं पण होतं आणि बिघडणं पण होतं, त्यामुळे आज एखादा तरुण मुलगा इंग्रजी बायबलात 'दावीदाने करप्शन पाहिलं' असं वाचतो तेव्हा त्याला वाटतं राजाच्या दरबारात घोटाळा झाला होता की काय. इथे स्ट्राँग खरोखर कामाला येतो. करप्शनच्या ओळी बघत गेलं की नंबर बदलताना दिसतात, योना आणि स्तोत्र १६ ला हिब्रू ७८४५, प्रेषितांच्या कृत्यांत ग्रीक १३१२, पौल आणि पेत्राच्या पत्रांत ५३५६. एका इंग्रजी शब्दाच्या पोटात किती वेगवेगळे शब्द लपलेत ते दोन मिनिटांत उघडं पडतं. या एका गोष्टीला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

मग ५३५६ उघडला. नोंद अगदी एवढीशी, दीडेक ओळ. त्यात पहिल्यांदा सांगितलंय की हा शब्द फ्थेइरो या क्रियापदापासून आलाय, मग अर्थ कुजणं म्हणजेच नाश, आणि कंसात म्हटलंय की हा नाश आपोआप झालेला असो किंवा कुणी केलेला, शब्दशः असो किंवा लाक्षणिक. हा कंस बघून मी खरंच खूश झालो, कारण फ्थोराचं अर्धं गणित त्या कंसात आहे, फळ स्वतःहून सडतं ते पण फ्थोरा आणि जनावर मारलं जातं ते पण फ्थोरा, आणि एवढुश्या जागेत हे बसवणं सोपं नाही.

पण त्यानंतर एक छोटी आडवी रेघ येते आणि रेघेच्या पुढे तीन इंग्रजी शब्द, करप्शन, डिस्ट्रॉय, पेरिश. खरी गडबड इथे आहे मंडळी. रेघेच्या पुढचे शब्द हे अर्थ नाहीत!! किंग जेम्सवाल्यांनी तो ग्रीक शब्द कुठे कुठे कसा भाषांतरित केलाय त्याची ती यादी आहे, बस. हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या सूचनांत लिहिलेलं असतं पण सूचना वाचतो कोण. मग संदेश देणारे बंधू उभे राहतात आणि म्हणतात, 'मूळ ग्रीकमध्ये या शब्दाचे तीन अर्थ आहेत', आणि तिन्ही अर्थ एकाच वचनात कोंबतात. शब्दाला पाच अर्थ असले तरी एका वाक्यात तो साधारण एकच घेऊन येतो, मराठीत 'कर' म्हणजे हात पण आणि टॅक्स पण, म्हणून 'कर भरा' मध्ये कुणी हात भरत नाही. दोष स्ट्राँगचा थोडा आणि आपला जास्त.

तर अर्थ कुठे सापडतो? त्या नऊ जागांत. फ्थोरा नव्या करारात नऊच वेळा येतो, किंग जेम्सने त्यातल्या सात जागी करप्शन केलंय, एका जागी पेरिश आणि एका जागी डिस्ट्रॉय. नऊ जागा म्हणजे एका संध्याकाळचं काम आहे, आणि ते केलं की ती दीड ओळ किती तोकडी आहे ते कळतं. कलस्सै २:२२ घ्या, तिथे 'हात लावू नको, चाखू नको' असले खाण्यापिण्याचे नियम लादणाऱ्यांना पौल म्हणतो की या वस्तू वापरल्या की संपतातच, त्या फ्थोरासाठीच आहेत. इथे पापबिप काही नाही, अन्न आहे, खाल्लं की गेलं. २ पेत्र २:१२ मध्ये तोच शब्द एकाच वचनात दोनदा आहे, पहिल्यांदा जनावरांबद्दल, जी धरायला आणि मारायलाच जन्माला येतात, म्हणजे इथे फ्थोरा म्हणजे सरळ कत्तल, आणि लगेच दुसऱ्यांदा त्या खोट्या शिक्षकांबद्दल, की तेही त्यांच्या फ्थोरात नष्ट होतील. लेखक मुद्दाम शब्दावर खेळतोय. इंग्रजीत पहिला डिस्ट्रॉय झाला आणि दुसरा करप्शन, खेळ गेला.

सगळ्यात मजा रोमकरांस ८:२१ आणि २ पेत्र २:१९ शेजारी ठेवून वाचण्यात आहे. दोन्हीकडे फ्थोराची गुलामी आहे, शब्दांची जोडी जवळपास तीच. रोममध्ये गुलाम आहे अख्खी सृष्टी, आणि तिची चूक काहीच नाही, पौल आदल्याच वचनात म्हणतो की ती स्वतःच्या इच्छेने अधीन झाली नाही, तर इथे फ्थोरा म्हणजे झाडं वाळणं, जनावरं मरणं, सगळ्याचं हळूहळू झिजत जाणं. पेत्रात गुलाम आहेत ते लोक जे दुसऱ्यांना स्वातंत्र्य देतो म्हणून फिरतात आणि स्वतः वासनेत बरबटलेले, तिथे फ्थोरा म्हणजे माणूस आतून नासणं. शब्द तोच, नंबर तोच, नोंद तीच दीड ओळ, आणि अर्थ दोन टोकांचे. हे तुम्हाला नंबर कधीच सांगणार नाही, वाक्यच सांगणार. गलती ६:८ मध्ये तर दोन्ही टोकं एकत्र येतात, देहस्वभावासाठी पेरणाऱ्याला फ्थोराचं पीक, कारण पुढे त्याच्या समोर सार्वकालिक जीवन ठेवलंय, म्हणजे नैतिक पण आणि मरणाचं पण. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ते वचन लगेच लागतं, पिकात कीड दिसली की कारण पेरणीपर्यंत मागे जातं.

आणि १ करिंथ १५:४२, ज्यावरून हे सगळं सुरू झालं, तिथे शरीर फ्थोरात पेरलं जातं आणि आफ्थार्सियात उठवलं जातं. 'आ' लावला की उलट, आपल्या अविनाशीपणासारखंच. याच पत्रात आधी ९:२५ ला पौल म्हणतो की खेळाडू फ्थार्तोस, म्हणजे नाशवंत, मुकुटासाठी एवढी मेहनत घेतात. करिंथच्या शेजारीच इस्थमियाचे खेळ भरायचे, तिथे जिंकणाऱ्याला पाइनच्या फांद्यांचा किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट मिळायचा, सोनंबिनं काही नाही, भाजी!! करिंथच्या माणसाला तो सुकलेला मुकुट डोळ्यांनी बघून माहीत असणार. स्ट्राँगमध्ये फ्थार्तोसचा नंबर ५३४९, शेजारी शेजारीच आहेत हे सगळे, पण या दोन वचनांतला धागा तुमचा तुम्हालाच ओढावा लागतो.

नंबरमुळे होणारा दुसरा घोळ जरा सिरियस आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, दुसऱ्या आणि तेराव्या अध्यायात मिळून सहा वेळा, दियाफ्थोरा येतो, नंबर १३१२. मराठीत तिथे 'कुजण्याचा अनुभव' आहे, आणि मला विचाराल तर मराठी भाषांतरकारांनी इथे इंग्रजीपेक्षा भारी काम केलंय, कुजणं म्हणजे कुजणं, थडग्यात प्रेताचं जे होतं ते. नंबर वेगळा दिसला की लोकांना वाटतं शब्दही अगदी वेगळा, मग 'दिया' म्हणजे पूर्णपणे, म्हणजे संपूर्ण कुजणं, असं काहीतरी रचून सांगतात. पण मूळ स्तोत्र १६:१० मध्ये हिब्रू शब्द आहे शाहाथ, ज्याचा नेहमीचा अर्थ खड्डा, गर्ता. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी, म्हणजे सेप्टुआजिंटवाल्यांनी, तो नाश करणे या अर्थाच्या तशाच दिसणाऱ्या हिब्रू धातूशी जोडून दियाफ्थोरा केला, आणि पेत्र व पौल कृत्यांत याच ग्रीक वाचनावर युक्तिवाद उभा करतात, की स्तोत्रात देवाचा पवित्र पुरुष कुजणार नाही असं म्हटलंय, पण दावीद मेला, पुरला गेला, कुजला, म्हणजे स्तोत्र त्याच्याबद्दल नाही, येशूबद्दल आहे. आता बघा, तोच हिब्रू शाहाथ स्तोत्र १०३:४ मध्ये आणि योनाच्या प्रार्थनेत आला तेव्हा त्याच सेप्टुआजिंटमध्ये त्याचं भाषांतर झालंय साधा फ्थोरा, दिया नाही. म्हणजे निदान या जागी उपसर्गावर संदेश रचायची गरज नाही. पण स्ट्राँगच्या ग्रीक भागात सेप्टुआजिंटचा पत्ताच नाही, हा या पुस्तकाचा सगळ्यात मोठा तोटा.

सेप्टुआजिंटचंच आणखी एक, कारण मला ते फार आवडतं. निर्गम १८:१८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय, आणि सासरा इथ्रो येऊन त्याला झापतो की हे बरं नाही, तू पण झिजशील आणि हे लोक पण. ग्रीकमध्ये तिथे फ्थोरा आहे. कुजणं नाही, पाप नाही, थकून पार खलास होणं, ज्याला आज ऑफिसात बर्नआउट म्हणतात ते. सासऱ्याने जावयाला दिलेला सल्ला म्हणून पण वाचण्यासारखं आहे, मंडळींच्या पाळकांना तर आवर्जून दाखवा.

आता क्रियापदाकडे, नंबर ५३५१, फ्थेइरो. इथे स्ट्राँगने एक अंदाज टाकलाय, की हा शब्द बहुधा फ्थिओ म्हणजे खंगणे यापासून जोर देऊन बनला, म्हणून मूळ अर्थ सुरकुतणं, वाळणं. १८९० ला ठीक होतं, आज भाषाशास्त्रवाले हे दोन धातू वेगळे धरतात, आणि इथे आपण मराठी माणसं अचानक फायद्यात येतो. फ्थिओच्या घरातला शब्द फ्थिसिस, म्हणजे टीबी, आणि त्याचा संस्कृत भाऊबंद क्षि धातू, ज्याच्यापासून क्षय, आणि टीबीला आपण म्हणतो काय, क्षयरोग! फ्थेइरोचा भाऊबंद मात्र क्षर्, झरणं, पाझरून नाहीसं होणं. म्हणजे क्षय आणि क्षर संस्कृतात जसे वेगळे तसेच ग्रीकमध्ये फ्थिसिस आणि फ्थोरा वेगळे. आणि मग आफ्थार्तोस म्हणजे काय, तर अक्षर, जे झरत नाही, संपत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर पुरुष वाचलेल्या माणसाला पौलाची ही जोडी ऐकायला अजिबात परकी वाटणार नाही, सिद्धांत वेगळे आहेत ते आहेतच, मी काही एकच आहे म्हणत नाही, पण कानाला ओळखीचं वाटतं एवढं खरं. पंडिता रमाबाईंचं नाव इथे आठवल्याशिवाय राहत नाही, संस्कृत तोंडपाठ, त्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. असं डोकं असलं की शब्दाचे दोन टोकांचे अर्थ बघायला नंबर लागत नाहीत.

बायबलच्या बाहेर फ्थोरा कुठे कुठे फिरलाय त्याचा तर स्ट्राँगमध्ये वासही नाही. ॲरिस्टॉटलचा एक ग्रंथच आहे उत्पत्ती आणि फ्थोरा या विषयावर, तिथे तो निव्वळ तत्त्वज्ञानाचा शब्द, एखादी वस्तू असण्यातून नसण्यात जाणं. आणि प्लुटार्क हा ग्रीक लेखक अथेन्सच्या अपोलोडोरोस या चित्रकाराबद्दल सांगताना रंग एकमेकांत मिसळून छाया काढण्याला फ्थोरा म्हणतो, शुद्ध रंग 'बिघडवला' की सावली तयार होते. मला हे वाचून दिवसभर बरं वाटत होतं. यासाठी लिडेल स्कॉट जोन्सचा प्राचीन ग्रीकचा मोठा कोश लागतो, टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या पर्सियस साइटवर तो फुकट आहे.

जाता जाता साप्रोस, नंबर ४५५०, कारण कुजण्याचा विषय निघाला की स्टडीत हा येतोच. इफिस ४:२९ मधलं 'कुजके भाषण' ते हेच. याचा नातेवाईक सेपो म्हणजे सडणं, सेप्टिक हा शब्द त्याच घरचा. पण मत्तय १३:४८ मध्ये जाळ्यात आलेले साप्रोस मासे फेकून देतात, आता आत्ता पाण्यातून काढलेला मासा सडका कसा असेल? भाऊच्या धक्क्यावर एकदा जाऊन बघा, जाळं ओतलं की उपयोगाचं एका बाजूला आणि बिनकामाचं दुसरीकडे. तिथे साप्रोस म्हणजे नुसता टाकाऊ. स्ट्राँगने सडका, निकामी असं दोन्ही दिलंय, पण कुठे कुठला घ्यायचा ते तुमच्यावर.

घ्यायचं की नाही? पुस्तक म्हणून बघाल तर वजन असं की मांडीवर घेऊन वाचता येत नाही, टाइप बारीक, कॉम्पॅक्ट एडिशनला तर भिंगच लागतं, माझी कॉपी ऑनलाइन मागवली ती एका विक्रेत्याने एवढ्या पातळ पॅकिंगमध्ये पाठवली की कोपरा चेपून आला. कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे नंबर आणि कोश सगळीकडे फुकट मिळतात, ब्लू लेटर बायबल या साइटवर स्ट्राँग आणि थेयरचा ग्रीक कोश दोन्ही एकाच पानावर आहेत, केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल पण फुकट आणि जाहिरातींशिवाय. तिथे नंबरवर क्लिक केलं की त्या शब्दाच्या सगळ्या जागा समोर येतात, आणि हेच खरं करायचं काम आहे. एक लक्षात ठेवा, स्ट्राँगचे नंबर किंग जेम्सच्या मागच्या ग्रीक मजकुराचे आहेत, आजच्या संपादित ग्रीकमध्ये काही जागी शब्दच वेगळा आहे, त्याच २ पेत्र २:१२ मधलं क्रियापद जुन्या मजकुरात काता उपसर्गासकट आहे आणि नव्यात 'काय' म्हणजे 'आणि' असा सुटा शब्द होऊन पुढे साधं फ्थेइरो, त्यामुळे नंबर जुळला नाही तर घाबरू नका.

ज्यांना खोलात जायचंय आणि खिसा परवानगी देतो त्यांनी बाउअर आणि डँकरचा नव्या कराराच्या ग्रीकचा कोश बघावा, २००० ची तिसरी आवृत्ती, तिथे फ्थोराची नोंद अर्थानुसार वेगळी करून, प्रत्येक वचन कुठल्या अर्थात बसतं ते सांगून दिली आहे. स्वस्त नाही, सेमिनरीच्या लायब्ररीत बसून वाचलं तरी चालतं. स्ट्राँगला माझे पाचपैकी साडेतीन, इंडेक्स म्हणून पाच, डिक्शनरी म्हणून दोन. छापील घेणार असाल तर मोठ्या टाइपची एडिशन घ्या आणि सुरुवातीची सूचनांची पानं आधी वाचा, विशेषतः त्या रेघेबद्दलची.